चिमणीचा कल

तंत्रनिकेतनातल्या पोरांनी त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की एकदा कारकुनाने हजेरीपत्रकावरही चुकून तेच लिहिलं. बाई सर्वेक्षण शिकवायच्या. उंची, उतार, अंतर, कोन. अंगाने काटक, वय छप्पन्न. उन्हातान्हात यंत्रांच्या तिपाया वाहून वाहून उजवा खांदा जरा खाली आलेला. रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. आणि तो उतरला की शेवटच्या बाकावरचा टवाळही वहीत डोकं घालायचा.

ही गोष्ट घडली त्या आठवड्यात तंत्रनिकेतनाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. शनिवारी समारंभ होता. मैदानात चिमणीच्या पायथ्याशी मांडवाचे खांब उभे राहात होते, कारण पाहुण्यांच्या फोटोत मागे चिमणी यायला हवी, असं ठरलं होतं. सर्वेक्षणाला आलेली पहिली मुलगी म्हणून बाईंचाही सत्कार होणार होता.

मंगळवारी सकाळी बाई प्रयोगशाळेत यंत्रं पुसत होत्या, तेव्हा काका दारात येऊन उभा राहिला. काका हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, पण वय चाळीस. रस्त्याच्या कामावर मुकादमी करून करून थकला, डिप्लोम्याशिवाय कुणी वर चढू देईना, म्हणून या वयात पोरांच्या बाकावर येऊन बसला होता. सगळा वर्ग त्याला काका म्हणायचा. बाईही म्हणायच्या.

"मॅडम, चिमणीचा आकडा येत नाहीये."

"येत नाहीये म्हणजे?"

"वहीत चौदा आहे. माझा एकतीस येतोय."

बाईंनी फडकं खाली ठेवलं. "यंत्राच्या पातळीचा बुडबुडा मध्ये होता?"

"होता. यंत्र उचलून पुन्हा लावलं. तीन वेळा. तीनदा एकतीसच."

"चुकत असेल काहीतरी," बाई म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी कपाटातून टोपी काढली होती.

या चिमणीबद्दल आधी सांगायला हवं. तंत्रनिकेतन ज्या आवारात आहे, तिथे पूर्वी कौलांचा कारखाना होता. बेचाळीस मीटर उंच विटांची ही चिमणी त्याच्या भट्ट्यांची. बाई चार वर्षांच्या होत्या तेव्हा कारखान्यातली सुकवणीची शेड कोसळली. वरच्या मजल्यावर ओल्या कौलांचे थर, खाली काम करणारी माणसं. अकरा जण गेले. त्यात बाईंचे वडील. चौकशीत निघालं ते असं की नकाशात तुळया जाड दाखवल्या होत्या आणि बसवल्या होत्या बारीक. त्यात कुणाची लबाडी नव्हती. अख्ख्या कारखान्यात नकाशा वाचता येणारा एक माणूस नव्हता. सुपरवायझरने अंदाजाने तुळया मागवल्या आणि कागदावर 'तपासले' लिहून सही ठोकली.

कारखाना बसला. दोन वर्षांनी त्याच आवारात तंत्रनिकेतन सुरू झालं. पहिले प्राचार्य निवृत्त इंजिनिअर होते, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या भागात साहेब पुष्कळ येऊन जातात. इथे नकाशा वाचणारा, माप घेणारा आणि माप चुकलं तर काम थांबवणारा माणूस तयार झाला पाहिजे. पहिल्या वर्षी तीन शाखा होत्या आणि बावन्न पोरं. शेडमध्ये मेलेल्यांच्या मुलांना विनाअट प्रवेश. त्याच हक्काने संस्थेच्या अकराव्या वर्षी बाई शिकायला आल्या. वर्कशॉपचे एक शिक्षक तेव्हा म्हणाले होते, "तिपाई उचलेल का ही?" मोठे सर म्हणाले, "तिपाई गाढवसुद्धा उचलतं हो. वाचता येईल का, ते विचारा."

चिमणी पाडायची राहून गेली आणि मग अभ्यासाला कामी आली. ती मुळातच मैदानाच्या बाजूला किंचित कललेली होती. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या पोरांनी तो कल मोजायचा. दोन बाजूंनी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लावायचं, दुर्बिणीत चिमणीच्या टोकाचा मध्य धरायचा, दुर्बीण तशीच खाली आणायची आणि पायथ्याला आडव्या ठेवलेल्या पट्टीवर टोक कुठे उतरतं ते वाचायचं. साधारण चौदा सेंटिमीटर. अठ्ठेचाळीस वर्षांचे आकडे एकाच जाड वहीत होते. संस्थेच्या शिक्क्यावरही चिमणी होती. शिक्क्यात मात्र ती सरळ होती.

दुपारपर्यंत बाईंनी स्वतः मोजलं. एकतीस पूर्णांक दोन. यंत्र बदललं. तीस पूर्णांक नऊ. काका पट्टी धरून पायथ्याशी उभा होता, आणि त्याच्या मागे मांडववाले पहारीने खड्डे घेत होते.

त्या प्रयोगशाळेत परत आल्या आणि वही उघडून बसल्या. जुनी पानं त्यांना जवळजवळ पाठ होती. तेरा पूर्णांक सहा, चौदा पूर्णांक तीन, तेरा पूर्णांक नऊ, चौदा पूर्णांक पाच. प्रामाणिकपणे मोजलं की आकडे आपसात थोडे भांडतात. हात हलतो, ऊन लागतं, डोळा चुकतो. शेवटच्या नऊ वर्षांच्या पानांवर मात्र आकडे गुण्यागोविंदाने नांदत होते. चौदा पूर्णांक एक. चौदा पूर्णांक एक. चौदा पूर्णांक दोन. पुन्हा एक. आणि प्रत्येक पानाखाली 'समक्ष तपासले' असं लिहून बाईंची सही.

नऊ वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. दुपारी घरी पळावं लागायचं. वर्गही विसाचा साठ झाला होता. पोरं संध्याकाळी वह्या आणून ठेवायची, आकडा ओळखीचा दिसायचा, बाई सही करायच्या.

कार्यालयातला एक तरुण कारकून सहा वर्षांपूर्वी त्यांचाच विद्यार्थी होता. बाई त्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांग. तुझ्या वर्षी चिमणी मोजली होती?"

तो निमंत्रणपत्रिका पाकिटात घालत होता. "मॅडम, समारंभाच्या धांदलीत हे काय मध्येच..."

"मोजली होती का?"

"यंत्र लावलं होतं की. फोटो पण काढला होता."

"वाचलं होतं?"

त्याने पाकीट खाली ठेवलं. "सगळेच मागच्या वर्षीचं उतरवायचे, मॅडम. थोडा इकडेतिकडे करून. आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

त्या घरी गेल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, पण कान तिखट आणि जीभ त्याहून. बाई तिला भरवायला बसल्या. चमचा अर्ध्यावरच थांबत होता.

"भरवतेस की घास मोजतेस?" आई म्हणाली.

मग बाईंनी सांगितलं. चिमणी, काका, वही, सह्या. सांगताना त्या आईकडे बघत नव्हत्या, वाटीकडे बघत होत्या.

आई म्हणाली, "कुणी मेलं का?"

"नाही."

"अजून नाही, असं म्हण." ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "तुझ्या बापाच्या डोक्यावर जी तुळई पडली ना, तिच्यावर पण सहीच होती."

बाईंच्या हातातला चमचा वाटीत पडला, तशी आईने तोंड इकडे केलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "मी काय चिमणी धरून ठेवणारे? ज्याला सांगायचं त्याला सांग जा."

बुधवारी सकाळी दार उघडायच्या आधीच बाई प्राचार्यांच्या खोलीबाहेर होत्या. प्राचार्य तीन वर्षांपूर्वी आलेले, मनाने वाईट नव्हते, पण त्या आठवड्यात त्यांची झोप उडालेली होती. आठशे माणसं, मोठे पाहुणे, नव्या इमारतीची घोषणा.

"सतरा सेंटिमीटर सरकली?" त्यांनी विचारलं. "किती दिवसांत?"

"माहीत नाही, सर."

"तुम्ही दरवर्षी मोजता ना? मग माहीत कसं नाही?"

बाईंना वाटलं, इथे काहीतरी सांगून वेळ मारून नेता येईल. यंत्र जुनं होतं, पट्टी बदलली होती, असलं काहीही. प्राचार्यांना सर्वेक्षणातलं फारसं कळत नव्हतं.

"नऊ वर्षं मोजलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पोरांनी जुने आकडे उतरवले. मी न बघता सह्या केल्या."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "हे तुम्ही मला आज सांगताय? समारंभाला तीन दिवस उरले असताना?"

"मला काल कळलं."

"मग तुमचा कालचा आकडा खरा कशावरून? आणि समजा, खरा धरला. नऊ वर्षांत हळूहळू सरकली असेल. नऊ वर्षं उभी राहिली ती शनिवारीच पडेल? चिमणी आहे ती, बाई, उडून जाणार नाही."

"हळूहळू सरकली की मागच्या महिन्यात सरकली, तेच मला सांगता येत नाहीये, सर. म्हणून तर आले."

ते खिडकीशी गेले. मांडवाचे आठ खांब उभे झाले होते. "दोन सकाळी मोजा," शेवटी ते म्हणाले. "गुरुवारी आणि शुक्रवारी. सरकतेय असं दिसलं तर बघू. आणि हे कुणाकडे बोलू नका."

गुरुवारी सूर्य वर यायच्या आत बाई आणि काका मैदानात होते. ऊन पडलं की विटा एका बाजूने फुगतात, चिमणी दुसरीकडे वाकते आणि आकडा खोटं बोलतो. म्हणून मोजायचं ते उजाडता उजाडता. एकतीस पूर्णांक एक. मग काकाने पायथ्याभोवती चक्कर मारली. मागच्या अंगाला, मैदानाच्या उलट बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी भेग होती. जुनीच असावी, कडेला शेवाळ होतं. काकाने तिच्यावर काचेच्या तीन पातळ पट्ट्या उभ्या ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली. रस्त्याच्या पुलावर त्याने हे केलेलं होतं. भेग रुंदावली की काच तडकते. काच कुणाची भीड धरत नाही.

तो दिवस बाईंनी वर्गात कसा काढला ते त्यांनाच माहीत. फळ्यावर आकृती काढताना दोनदा खडू मोडला. खिडकीतून मांडववाले दिसत होते. त्यातला एक डबा खायला चिमणीच्याच सावलीत जाऊन बसला होता, पाठ तिला टेकवून. बाईंनी तास मध्येच सोडला, खाली गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "इथे बसू नका."

"का हो बाई? थंड आहे की."

कुणाकडे बोलू नका, असं प्राचार्य म्हणाले होते. "इथे विंचू निघतात," बाई म्हणाल्या. तो डबा घेऊन उठला. खोटं बोलून का होईना एक माणूस हलला, पण बाईंना स्वतःची शरम वाटली.

शुक्रवारी सकाळी वारा सुटला होता. यंत्राच्या तिपाईला धोंडा टांगून बाईंनी मोजलं. एकतीस पूर्णांक सहा. पुन्हा मोजलं. एकतीस पूर्णांक पाच. चार-पाच मिलीमीटर. एवढी चूक यंत्राचीही असू शकते, वाऱ्याचीही. त्या डोळा लावून तशाच उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात चिमणीच्या मागून काकाची हाक आली. हाक मोठी नव्हती.

मधली काचपट्टी तडकली होती. बाकीच्या दोन शाबूत.

प्राचार्य स्वतः खाली आले. गुडघ्यावर बसून त्यांनी काच पाहिली. "काल पहारी मारत होते इथे," ते म्हणाले. "त्या हादऱ्यानेही तुटली असेल."

"असेल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला खात्री नाही."

"नाही. पडेलच असं मी म्हणत नाही. पडणार नाही असंही आता मला म्हणता येत नाही. नऊ वर्षं मी तेच म्हणत आले."

"पत्रिका गेल्या आहेत. पाहुणे निघालेत. कशाच्या जोरावर मी मांडव हलवू? एका वयस्क विद्यार्थ्याच्या काचेच्या?"

"मी लेखी देते," बाई म्हणाल्या.

प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "लेखी देणं म्हणजे काय ते कळतंय ना? सह्यांचंही लिहावं लागेल. चौकशी लागेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची."

"कळतंय."

बाई प्रयोगशाळेत गेल्या आणि कोरा कागद घेतला. पहिला कागद फाडून दुसरा घेतला. सोळा ओळी झाल्या. मोजलेले आकडे, तारखा, काच, आणि शेवटी: मागील नऊ वर्षांच्या नोंदी मी समक्ष न तपासता प्रमाणित केल्या आहेत, त्यामुळे चिमणी सुरक्षित असल्याचा कोणताही पुरावा आज संस्थेकडे नाही.

प्राचार्यांनी ते उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. बाहेर ध्वनिक्षेपकवाला "हॅलो, हॅलो" करत होता.

"हे आता माझ्या टेबलावर आलं," ते हळूच म्हणाले. "आता मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय राहिली नाही."

"नाही, सर."

त्यांनी घंटी वाजवली.

मांडववाल्याने आकाशपाताळ एक केलं, पण खांब उपटले. काका आणि वर्गातली पोरं दोर घेऊन धावली. चिमणीच्या पायथ्यापासून साठ मीटरवर पांढऱ्या चुन्याची रेघ ओढली गेली. समारंभ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, संडासांच्या भिंतीला लागून गेला. अर्ध्या खुर्च्यांवरच कापड पुरलं. चिमणीच्या बाजूच्या दोन कार्यशाळांना कुलपं लागली.

शनिवारी वारा आणखी वाढला. आठशे माणसं डोळ्यांत धूळ घेऊन बसली होती. पाहुण्यांनी भाषणात दोनदा पन्नास वर्षांच्या परंपरेचा उल्लेख केला, दोन्ही वेळा कागद उडाला. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा मंचावर कुणी आलं नाही. बाई चुन्याच्या रेघेवर थिओडोलाइट लावून उभ्या होत्या. दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर चिमणीची कड धरलेली. वाऱ्याच्या झोताबरोबर कड तारेपासून सुटायची आणि परत येऊन टेकायची. प्रत्येक वेळी ती परत टेकेपर्यंत बाई दुर्बिणीवरून डोळा काढायच्या नाहीत. शेजारी काका गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. शिट्टी वाजली की सगळ्यांनी फाटकाकडे पळायचं, असं फक्त पहिल्या रांगेच्या स्वयंसेवकांना सांगितलं होतं.

"मॅडम, थोडं बसा. मी बघतो."

"नको."

दोन तास चाळीस मिनिटं त्या वाकून उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली नाही. माणसं उठली, जेवायला गेली, पांगली. चिमणी होती तिथेच होती.

मग व्हायचं ते झालं. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत बाई शिरल्या की कुणीतरी विचारायचं, "काय, उडाली का चिमणी?" मांडववाल्याने तक्रार दिली. संडासाच्या भिंतीपुढे काढलेला पाहुण्यांचा फोटो सगळीकडे फिरला. बाई ऐकून घ्यायच्या. हसू येईल तेव्हा हसायच्याही, कारण फोटो खरंच वाईट आला होता.

महिनाभराने सरकारी तज्ज्ञ आले. त्यांनी मैदानाच्या बाजूने पायथा खणला. कारखान्याच्या वेळचं एक गटार खालून जात होतं. ते केव्हातरी फुटलं होतं आणि पायाच्या त्या अंगाच्या विटांचा चिखल झाला होता. चिमणी वरून खाली, वीट वीट करून उतरवावी, असा अहवाल आला. हे काम करणारा म्हातारा मुकादम आयुष्यभर चिमण्याच उतरवत आलेला. पायाचा चिखल हातात घेऊन तो बाईंना म्हणाला, "अजून वीस वर्षं उभी राहिली असती. नाहीतर परवाच्या वाऱ्यात गेली असती. हिचं काही सांगता येत नाही, बाई."

बाईंना एक काहीतरी उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही. त्यांनी आईला मुकादमाचे शब्द तसेच्या तसे सांगितले. आई म्हणाली, "चांगलं झालं, कळलं नाही ते," आणि कूस बदलून झोपली.

चौकशी चार महिने चालली. बाईंनी काही लपवलं नाही, त्यामुळे ती लवकर संपली. ठपका लागला, विभागप्रमुखपद गेलं, एक तरुण शिक्षक त्यांचा वरिष्ठ झाला. त्याला बाईंनीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तो त्यांच्यासमोर खुर्चीत बसेना. "बस रे," बाई म्हणाल्या, "नाहीतर मलाही उभं राहावं लागेल." आतून मात्र त्यांना ते लागलं. घरी जाताना त्या लांबच्या रस्त्याने गेल्या.

पुढच्या वर्षी मोजायला चिमणी नव्हती. बाईंनी गावाची पाण्याची टाकी सुचवली. पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येकाबरोबर त्या स्वतः जात. बारा दिवस लागणार होते. नव्या विभागप्रमुखाने भीत भीत विचारलं, "मॅडम, चार दिवसांत नाही होणार?" बाई म्हणाल्या, "होईल. गेली नऊ वर्षं एका संध्याकाळीच होत होतं." त्याने बारा दिवस लिहिले.

सहाव्या दिवशी एका गटातल्या दोन पोरींनी वह्या पुढे केल्या. दोघींचा आकडा अगदी दशांशापर्यंत सारखा होता.

"हिने मोजला की तू?" बाईंनी विचारलं. आवाज उतरला होता.

"दोघींनी, मॅडम. शपथ. खरंच सारखा आला."

बाईंनी टाकीकडे पाहिलं, मग पोरींकडे. ऊन चढत होतं. आईच्या औषधाची वेळ होत आली होती. शेजारणीला सांगून ठेवलं होतं, तरी जीव लागून होता. सारखा येऊ शकतो. कधीतरी येतोही.

"असेल," त्या म्हणाल्या. "यंत्र लावा परत. मी इथेच थांबते."